शेळ्यांमधली स्क्रेपी: क्यू/के २२२ अहवाल काय सांगतो आणि काय सांगत नाही

प्रश्न थोडक्यात असा: पैदाशीच्या बोकडाचा पीआरएनपी जनुकाचा (ज्यातून पीआरपी हे प्रथिन बनते) अहवाल ‘क्यू/के २२२’ आला आहे, म्हणजे त्या प्रथिनाच्या २२२ व्या जागी जनुकाची एक प्रत क्यू (ग्लुटामिन) आणि दुसरी के (लायसिन) लिहिते. हा बोकड स्क्रेपी या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या मेंदूरोगापासून सुरक्षित धरायचा का? त्याच्यावर कळप उभा करता येईल का? आणि याच विषयावर प्रबंध करायचा तर नमुने व तपासण्या कशा आखाव्यात?

आधी सरळ उत्तर. क्लासिकल स्क्रेपीपुरता (कळपात पसरणारा नेहमीचा प्रकार) बोकड बऱ्यापैकी सुरक्षित आहे. कळप अजून नाही, कारण या बोकडाची निम्मीच करडे के घेऊन जन्मतील. आणि अहवालात फक्त २२२ चा उल्लेख असेल तर तो अर्धवट आहे. आता तपशील.

स्क्रेपी हा प्रायॉन रोग. शरीरातलेच पीआरपी हे प्रथिन चुकीची घडी घेते आणि शेजारच्या निरोगी रेणूंना तीच घडी घ्यायला लावते. क्विए आणि शेल या फ्रेंच संशोधकांनी या रोगाची लागण टोचून करता येते हे मेंढ्यांत १९३६ मध्ये आणि नंतर शेळ्यांत दाखवले. ‘प्रायॉन’ हे नाव स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये दिले. हे प्रथिन शरीराला परके वाटत नाही, म्हणून प्रतिपिंडे तयार होत नाहीत. रक्ताची सीरम चाचणी नाही, लस नाही, औषध नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते पाच वर्षे जातात, आणि तोवर शेळी दोन-तीन वेळा विलेली असते. म्हणूनच जनुकाच्या वाटेने जाण्याला इतके महत्त्व आले.

मेंढीत हे काम सोपे आहे. कोडॉन (एका अमिनो आम्लाचा तीन बेसचा संकेत) १३६, १५४ आणि १७१ पाहायचे, एआरआर हा त्या तीन जागांचा प्रतिकारक संच निवडायचा, व्हीआरक्यू हा संवेदनशील संच काढून टाकायचा. हा तक्ता शेळीला लावू नका. शेळीत १७१ वर आरचा बदल जवळजवळ सापडतच नाही, त्यामुळे मेंढीसाठी बनवलेली चाचणी शेळीच्या रक्तावर चालवली की सगळा कळप ‘संवेदनशील’ निघतो आणि खरी संरक्षक जागा पाहिलीच जात नाही. नवख्या प्रयोगशाळांत ही चूक हमखास होते.

शेळीचे पीआरपी प्रथिन २५६ अमिनो आम्लांचे. त्याचा संपूर्ण सांकेतिक भाग (प्रथिन लिहिणारा मजकूर) जनुकाच्या एकाच सलग तुकड्यात, म्हणजे एक्सॉनमध्ये, थांबा-कोडॉन (प्रथिन संपल्याची खूण) धरून ७७१ बेसचा. म्हणजे एका पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) तुकड्यात सगळे वाचता येते आणि तेच करावे. या भागात शेळीत पुष्कळ बदल नोंदले गेले आहेत, कामाचे मोजकेच.

(नावातले अक्षर म्हणजे अमिनो आम्ल, आकडा म्हणजे प्रथिनातली जागा.) पहिला के२२२: ग्लुटामिनच्या जागी लायसिन, सीएजी ऐवजी एएजी. दुसरा एस१४६: ॲस्परजिनच्या (एन) जागी सेरिन, एएटी ऐवजी एजीटी. तिसरा डी१४६: त्याच जागी ॲस्पार्टिक आम्ल, जीएटी. के२२२ इटली, फ्रान्स, ग्रीस, स्पेन इथल्या जातींत आढळतो. सिसिलीच्या गिरजेंताना जातीत त्याचे प्रमाण विशेष जास्त आहे, सानेन आणि अल्पाइनमध्ये कमी. डी१४६ आणि एस१४६ यांचा सखोल अभ्यास सायप्रसमध्ये झाला, आणि एस१४६ बोअर जातीतही सापडतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये या तिघांनाच क्लासिकल स्क्रेपीविरुद्ध खात्रीचे प्रतिकारक म्हणून मान्यता दिली. त्यावरून युरोपीय आयोगाच्या २०२०/७७२ या नियमाने बाधित कळपातील यांपैकी किमान एक प्रत असलेल्या शेळ्यांना सरसकट कत्तलीतून सूट मिळाली. मेंढ्यांना अशी जनुकीय सूट आधीपासून होती.

एम१४२, एच१४३, क्यू२११ हे दुय्यम. एम१४२ ने रोग लांबतो, टळत नाही. क्यू२११ थोडाफार आधार देतो, पण त्याच्यावर पैदास कार्यक्रम बांधण्याइतका नाही. पी२४० अहवालात सारखा दिसतो आणि लोक घाबरतात. तो शेळ्यांत सर्वत्र आढळणारा निरुपद्रवी बदल आहे, त्याचा विचार सोडून द्या.

आता मर्यादा. ‘प्रतिकारक’ हा शब्द चार गोष्टींवर टेकलेला आहे: प्रायॉनचा स्ट्रेन (उपप्रकार), मात्रा, शरीरात शिरण्याची वाट आणि जनुकाच्या किती प्रती आहेत.

तोंडावाटे लागण हीच कळपातली खरी वाट. अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेने पुलमन इथे नवजात करडांना तोंडातून स्क्रेपीबाधित मेंदू वाटून केलेला द्रव दिला. साध्या जनुकप्रकाराची करडे आजारी पडली. एस१४६ किंवा के२२२ ची एकच प्रत असलेली अनेक वर्षे निरीक्षणात राहूनही निरोगी राहिली. सायप्रसमध्ये बाधित कळपांतच आयुष्य काढलेल्या डी१४६ आणि एस१४६ शेळ्या तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. माझ्या मते या विषयातला सर्वांत वजनदार पुरावा हाच, कारण तिथे मात्रा, वाट आणि काळ गोठ्यातलेच होते.

तीच के२२२ शेळी थेट मेंदूत टोचून पाहिली की चित्र सौम्यपणे बदलते. दोन प्रतींच्या शेळ्या टिकतात. एका प्रतीच्या शेळ्यांत फार लांब काळाने रोग उमटू शकतो. उद्रेकांतही क्यू/के शेळी बाधित निघाल्याची तुरळक उदाहरणे आहेत. म्हणजे एक प्रत ही मजबूत कडी आहे, पण अभेद्य भिंत नाही.

स्ट्रेनचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. नॉर्वेत १९९८ मध्ये मेंढ्यांत प्रथम दिसलेला ॲटिपिकल स्क्रेपी, म्हणजे नॉर९८, वेगळा चालतो: एखाददुसरे जनावर, बहुधा वय झालेले, आणि कळपात पसरण्याची चिन्हे नाहीत. शेळीत त्याचा संबंध कोडॉन १५४ वरच्या एच शी जोडला जातो. के२२२ चा प्रतिकार त्याला लागू पडतो असे गृहीत धरता येत नाही. शेळीत उतरलेल्या बीएसईविरुद्धही (गाईंचा ‘मॅड काऊ’ प्रायॉन रोग) के२२२ चा आधार क्लासिकल स्क्रेपीइतका भरवशाचा नाही. हे कागदी भय नव्हे: फ्रान्समध्ये २००२ मध्ये कत्तल झालेल्या एका शेळीत बीएसई असल्याची पक्की खात्री जानेवारी २००५ मध्ये झाली, आणि स्कॉटलंडमध्ये १९९० मध्ये स्क्रेपी म्हणून नोंदलेली एक जुनी शेळीही फेरतपासणीत बीएसईशी जुळणारी निघाली. म्हणून प्रबंधात ‘प्रायॉन रोगांना प्रतिकारक’ असे शीर्षक देऊ नका. ‘क्लासिकल स्क्रेपीला प्रतिकारक’ लिहा. परीक्षक पहिली हरकत याच शब्दावर घेतात, आणि योग्यच घेतात.

जनुक तपासणीच्या नमुन्यांबाबत. रक्त ईडीटीए नळीत २-३ मिली पुरते. हेपरिन नळी वापरू नका, हेपरिन पीसीआर अडवते. जुळ्या-तिळ्या करडांत गर्भातच रक्तपेशींची देवाणघेवाण झालेली असू शकते. असे क्वचित होते, पण झाले तर रक्तातून भावंडाचा जनुकप्रकार मिसळून येतो. त्यामुळे महागड्या बोकडाचा निर्णय रक्तावर नव्हे, कानाच्या २-३ मिमी तुकड्यावर घ्या. दोन जनावरांमध्ये पंच स्वच्छ पुसून आणि ब्लीचमध्ये बुडवून मगच पुढचा कान धरा. मागच्या शेळीचा एक कण पुढच्या नळीत गेला की ‘क्यू/के’ फुकट तयार होतो. क्रमांक कानावरच्या बिल्ल्यावरून थेट नळीवर लिहा, यादीवरून नव्हे.

चाचणी कोणती? संपूर्ण सांकेतिक भागाचे दोन्ही दिशांनी सँगर सिक्वेन्सिंग, म्हणजे बेसचा क्रम थेट वाचणे. प्रायमर (पीसीआरची सुरुवात करणारे छोटे डीएनए तुकडे) सांकेतिक भागाच्या बाहेर ठेवा. स्वस्त पडते म्हणून एकाच बदलाची प्रोब चाचणी (त्या बदलाला चिकटणारा डीएनए तुकडा वापरणारी) निवडली जाते, आणि १४६ वर ती फसते. एस आणि डी हे बदल एकाच कोडॉनच्या लागोपाठच्या बेसवर आहेत: एस ४३७ वर, डी ४३६ वर. एस साठी केलेली प्रोब डी असलेल्या तुकड्यावर नीट बसत नाही. मग यंत्र फक्त दुसरी प्रत वाचते आणि एन/डी शेळी ‘एन/एन’ म्हणून नोंदली जाते. प्रायमरखाली अनपेक्षित बदल असला तरी हेच होते, एक प्रत गळते. दोन तपासण्यांतून ही गळती पकडता येते. पहिली, कुटुंब: के/के आईच्या पोटी क्यू/क्यू करडू निघाले तर नमुना, वंशनोंद किंवा चाचणी यांपैकी एक चुकले आहे. दुसरी, हार्डी-वाइनबर्गचा हिशेब (वारंवारतेवरून जनुकप्रकारांचे अपेक्षित प्रमाण): के ची वारंवारता ५ टक्के असेल तर १०० शेळ्यांत अंदाजे ९० क्यू/क्यू, ९-१० क्यू/के आणि के/के जेमतेम एखादी किंवा शून्य अपेक्षित आहे. पाच के/के दिसल्या तर आनंद करण्याआधी गळलेली प्रत, मिसळलेले नमुने किंवा एकाच बोकडाची भावंडे यांचा शोध घ्या. प्रत्येक पट्टीत एक पाणी-नमुना आणि माहीत असलेले क्यू/क्यू, क्यू/के असे नमुने चालवा. अहवालात १४२, १४६, १५४, २११ आणि २२२ ही पाच ठिकाणे तरी स्पष्ट लिहून मागा.

रोगाची तपासणी वेगळी, आणि इथे एक सापळा आहे जो बहुतेकांना माहीत नसतो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (ऊतीच्या काप्यावर प्रतिपिंडाने प्रथिन रंगवून पाहणे) वापरले जाणारे एफ९९/९७.६.१ हे प्रतिपिंड पीआरपीच्या ज्या पट्ट्याला चिकटते त्यातच २२२ वी जागा येते. लायसिन आले की हे प्रतिपिंड के प्रथिनाला चिकटत नाही. म्हणजे के/के शेळीचा कापा स्वच्छ दिसतो, तो निरोगी असल्यामुळे की रंगच न चढल्यामुळे, हे त्या काप्यावरून कळत नाही. क्यू/के शेळीत फक्त क्यू प्रथिनच दिसते. के२२२ वरच्या कुठल्याही प्रबंधात प्रथिनाच्या मध्यभागातील, २२२ पासून दूरच्या पट्ट्याला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड समांतर वापरलेच पाहिजे. हे न करता ‘के२२२ शेळ्यांत प्रायॉन आढळला नाही’ असे विधान केले तर ते पुराव्याविना आहे.

मेलेल्या किंवा कत्तल झालेल्या शेळीतून ब्रेनस्टेमचा (मेंदूच्या देठाचा) ऑबेक्स भाग घ्या, जिथे चौथे व्हेंट्रिकल व्ही आकारात मिटते. तो मधोमध उभा कापा. एक अर्धा रॅपिड टेस्ट व वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखणे) गोठवा, दुसरा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. सोबत घशामागच्या लसिका ग्रंथी घ्या आणि ॲटिपिकलसाठी सेरिबेलमचा (लहान मेंदूचा) तुकडा वेगळा. फक्त ऑबेक्स घेतला तर लागणीच्या सुरुवातीच्या शेळ्या निसटतात; फक्त ग्रंथी घेतली तर ज्यांत रोग मेंदूपुरताच दिसतो त्या निसटतात. ऑबेक्सच्या नावाखाली मेंदूचा वरचा-खालचा भाग आला तर तो नमुना निगेटिव्ह नव्हे, अपात्र समजा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रोटिनेज के या प्रथिने पचवणाऱ्या विकरानंतर क्लासिकलचे तीन पट्टे दिसतात. ॲटिपिकलला अगदी खाली, १२ किलोडाल्टनच्या आसपास एक वेगळा पट्टा असतो.

जिवंत शेळीत गुदद्वाराजवळच्या श्लेष्मल पडद्याचा तुकडा किंवा तिसऱ्या पापणीची लसिका ऊती काढतात. मेंढीत हे बऱ्यापैकी चालते. शेळीत तिसरी पापणी विसरा. गुदद्वाराच्या नमुन्यात पुरेशा लसिका गाठी नसतील तर निकाल ग्राह्य धरत नाहीत, आणि वय वाढले की गाठी कमी होतात. प्रतिकारक जनुकप्रकारांत ही जिवंत तपासणी निर्णायक मानू नका: लागण झाली तरी लसिका ऊतीत प्रायॉन उशिरा किंवा अत्यल्प साठण्याची शक्यता असते. एका निगेटिव्ह बायोप्सीने शेळी मोकळी होत नाही, कळपाचा निष्कर्ष तर अजिबात नाही.

आता कळप उभारणी. सगळ्या माद्यांपासून सुरुवात करू नका, बोकडांपासून करा. एक बोकड अनेक शेळ्यांना पुरतो, म्हणून एका बोकडाची तपासणी पुढच्या पिढीच्या निम्म्या जनुकांचा हिशेब देते. क्यू/के बोकड आणि क्यू/क्यू शेळ्या असतील तर निम्मी करडे क्यू/के. दोन्ही पालक क्यू/के असतील तर चौथा हिस्सा के/के, अर्धी क्यू/के, चौथा हिस्सा क्यू/क्यू. के/के बोकड मिळाला तर कुठल्याही शेळीपासून जन्मलेले प्रत्येक करडू किमान एक प्रत घेऊनच येईल. म्हणून तुमच्या क्यू/के बोकडाचा पहिला उपयोग कळप भरणे नव्हे, तर नातेवाईक नसलेल्या क्यू/के शेळ्यांवर लावून के/के नर निवडणे हा असावा.

यापेक्षा चांगला एक डाव आहे. एस१४६ आणि के२२२ हे बहुतेक वेगवेगळ्या गुणसूत्र-प्रतींवर असतात आणि जनुकात त्यांच्यात फक्त सव्वादोनशे बेसचे अंतर आहे, म्हणजे ते एकमेकांपासून सुटण्याची किंवा एकत्र येण्याची शक्यता नगण्य. बोकडाला एका पालकाकडून एस आणि दुसऱ्याकडून के मिळाले असेल तर प्रत्येक करडाला दोनपैकी एक मिळतेच. असा बोकड के/के इतकाच निश्चित, आणि कळपात दोन वेगळे प्रतिकार एकाच वेळी उतरवतो. एखाद्या स्ट्रेनने एक कडी ओलांडली तरी दुसरी शिल्लक राहते. दोन्ही बदल वेगवेगळ्या प्रतींवर आहेत याची खात्री मात्र आई-बापांचे जनुकप्रकार पाहून करा, गृहीत धरू नका.

घाई कुठे अंगाशी येते? के चे बोकड थोडे, आणि बहुधा एकाच ओळीतले. अंतःप्रजननाचा साधा अंदाज असा: प्रत्येक पिढीतली वाढ म्हणजे १/८ भागिले नरसंख्या, अधिक १/८ भागिले मादीसंख्या. २०० शेळ्यांवर ४ बोकड ठेवले तर ती सुमारे ३.२ टक्के, २० बोकड ठेवले तर ०.७ टक्के. पिढीला एक टक्क्याच्या आत राहणे ही रास्त मर्यादा. म्हणून पहिल्या एक-दोन पिढ्या के नसलेला, पण दुधाला आणि पायांना उत्तम बोकडही ठेवा, आणि त्याच्यापासून एक के वारस तयार करा. बाधित कळपात तुम्हाला हे चैनीचे स्वातंत्र्य नसेल. तिथे संवेदनशील जनावरे काढण्याचा वेग स्थानिक पशुवैद्यकीय अधिकारीच ठरवतात. के२२२ मुळे दूध किंवा वाढ घटते असे अभ्यासांत दिसलेले नाही, तरी तुमच्या कळपातले दूध-नोंदीचे आकडे जनुकप्रकारानुसार वेगळे ठेवा, प्रबंधात उपयोगी पडतील.

कळप पूर्ण प्रतिकारक होईपर्यंत विण्याची जागा हाच धोका. वार आणि गर्भजल यांतून प्रायॉन बाहेर पडतो, दुधातून आणि चिकातूनही. वार पडताच हातमोज्यांनी उचला, कुत्र्या-पक्ष्यांना लागू देऊ नका, आणि भट्टीत जाळा. पुरणे हा पर्याय नव्हे. अनेक शेळ्यांचा चीक एकत्र करून करडांना पाजणे सर्वांत वाईट, कारण एका बाधित शेळीतून अख्खी पिढी उघड पडते. इथे एक जुनी सवय घातक ठरते: सीएई (शेळ्यांचा सांधे व मेंदूचा आजार) विषाणूसाठी चीक ५६ अंशांवर तासभर तापवतात. तो विषाणू त्याने मरतो, प्रायॉनला त्याने काहीही होत नाही. दुधाच्या पाश्चरीकरणानेही नाही.

निर्जंतुकीकरणात आधी घाण खरवडून काढा; वाळलेल्या थराखाली कोणतेही रसायन पोहोचत नाही. मग २ टक्के उपलब्ध क्लोरीन, म्हणजे २०,००० पीपीएम सोडियम हायपोक्लोराइट, पृष्ठभाग तासभर ओला राहील असे. किंवा एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, लिटरला ४० ग्रॅम, तेवढाच वेळ. ॲल्युमिनियमवर टाकू नका. प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह १३४ अंशांवर १८ मिनिटे. अल्कोहोल आणि फॉर्मॅलिन प्रायॉनला मारत नाहीत, उलट घट्ट बसवतात. म्हणून फॉर्मॅलिनमधला मेंदूही संसर्गजन्यच समजून हाताळा आणि काप्यांआधी तो ९५ टक्क्यांहून तीव्र फॉर्मिक आम्लात तासभर ठेवा. तो फॉर्मिक आम्लाचा कचरा हायपोक्लोराइटच्या बादलीत ओतू नका, विषारी वायू सुटतो. आणि मातीचा गोठा खरोखर निर्जंतुक होतो अशी अपेक्षा ठेवू नका: आइसलँडमध्ये रिकाम्या ठेवलेल्या गोठ्यात संसर्ग किमान १६ वर्षे टिकल्याचे नोंदले आहे. प्रतिकारक शेळ्या आणून पुन्हा भरणे हा अशा जागेसाठी बहुधा एकमेव शहाणा मार्ग.

जाता जाता, नॉर्वेच्या दूध देणाऱ्या शेळ्यांत कोडॉन ३२ वर थांबा-कोडॉनचा नैसर्गिक बदल आहे. दोन प्रती असलेल्या शेळ्यांत पीआरपीच तयार होत नाही. त्या निरोगी जगतात आणि स्क्रेपी घेत नाहीत. संशोधनाला हा सोन्याचा नमुना आहे: प्रथिन नसेल तर रोग नाही, हे इथे निसर्गानेच सिद्ध केले. पण पैदाशीसाठी सध्या के आणि एस यांनाच हात घाला. या बदलाच्या फक्त एका प्रतीवर विसंबता येत नाही, आणि दोन प्रती साऱ्या कळपात आणणे सोपे काम नाही.

तुमच्या बोकडासाठी आता एवढे करा. त्याच्या कानाचा नवा तुकडा दुसऱ्या नळीत घेऊन संपूर्ण सांकेतिक भागाचे सिक्वेन्सिंग पुन्हा मागवा आणि १४६ वर काय आहे ते विचारा. त्याची आई आणि किमान दोन-तीन करडे एकाच वेळी तपासून घ्या. १४६ वर एस किंवा डी निघाला आणि तो आईकडून, तर के बापाकडून आल्याचे पटले, तर हा बोकड विकू नका.